चालायला सांगायला गेले होते

नवी मुंबईला निघाले आहे म्हटल्यावर मिरजेत ज्याने त्याने एकच विचारलं, "कुणाकडे?" कुणाचा मुलगा तिकडे, कुणाची सून तिकडे. कामासाठी चाललेय म्हटलं तर लोकांचा विश्वास बसेना. काम काय ते सांगितल्यावर तर अजिबातच बसेना.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. एवढी वर्षं मिरजेतच शिकवते. नेरूळच्या एका प्रशिक्षण केंद्राने तीन दिवसांसाठी बोलावलं होतं. समोर बसणार होते डॉक्टर, नर्स, काही तरुण फिजिओ, आणि त्यांना शिकवायचं होतं ते एवढंच, की पेशंटने हलावं-चालावं म्हणून त्याच्याशी बोलायचं कसं.

"चाला म्हणायला शिकवायला लागतंय होय?" आमच्या शेजारच्या वहिनींनी विचारलं.

लागतं. "रोज चालत जा हं" हे वाक्य आपल्याकडे पुढचा पेशंट आत येत असताना म्हटलं जातं, आणि ऐकणारा चपला शोधत असतो. सांगणाऱ्याला वाटतं सांगून झालं. ऐकणारा घरी जातो आणि बसतो.

नेरूळ

नेरूळमध्ये पत्ता विचारला की समोरचा विचारतो, "सेक्टर कितवा?" आमच्याकडे पत्ता म्हणजे दर्ग्याच्या मागं, नाहीतर सतारीच्या दुकानांच्या ओळीत. पहिल्या सकाळी पोहे खायला बाहेर पडले आणि परत येताना चुकले. सगळ्या इमारती सख्ख्या बहिणींसारख्या, सगळ्या कोपऱ्यांवर मेडिकलचं दुकान. एकाच बागेपाशी दुसऱ्यांदा आले तेव्हा बाकावरच्या आजोबांनी हसून विचारलं, "व्यायाम चाललाय का?" हो म्हणाले. लोकांना चालायला शिकवायला आलेली बाई रस्ता चुकली आहे हे त्यांना कशाला सांगा.

पण रस्ते मात्र चालण्याजोगे. रुंद फुटपाथ, झाडं, आणि खाडीच्या बाजूला गेलात तर पाण्यात उभे असलेले फ्लेमिंगो. इथे चालणं हे वेगळं काम असतं. त्याचे बूट वेगळे, त्याची वेळ वेगळी. मिरजेत माणूस मंडईला निघतो, वाटेत तिघांशी बोलतो, आणि ते चालणं होतं हे त्याच्या गावीही नसतं.

केंद्रातल्या हॉलमध्ये एसी इतका की नर्सेसनी पदर गुंडाळून घेतले होते. मी आधी निम्म्या खुर्च्या बाहेर काढायला लावल्या. थोडी कुरकुर झाली. मग जोड्या केल्या. एकाने डॉक्टर व्हायचं, एकाने पेशंट.

पहिल्याच जोडीत पेशंट झाल्या त्या जयश्री सिस्टर. उरणजवळच्या मोऱ्याच्या, कोळीवाड्यातल्या. शहरातल्या एका दवाखान्यात नोकरी करतात, हॉलमध्ये आमच्यासारखंच बोलत होत्या, पण पेशंटच्या खुर्चीत बसल्या आणि थेट आपल्या काकूच्या आवाजात शिरल्या.

"डॉक्टर, मी सकालपासून पाटी घेऊन उबी हाय. मासली इकली, घरी आली, भाकऱ्या थापल्या. आनि तुमी मना चालाला सांगता?"

हॉल हसून लोळला. हसणं ओसरल्यावर मी म्हटलं, "आता हिला काय सांगाल?" आणि मी फळ्यावर लिहिलं: आधी विचारा. मग ऐका. सांगायचं काही उरलं तर मग सांगा. तीन दिवसांत मी शिकवलं ते खरं म्हणजे एवढंच.

डॉक्टरांमध्ये सगळ्यात चांगलं जमलं ते डॉ. प्रशांत वाघमारेंना. वय पस्तिशीच्या आतबाहेर, उलव्याला राहणारे, एका नागरी आरोग्य केंद्रात नोकरी. पेशंटशी बोलताना पुढे झुकून ऐकायचे, घाई नाही. मी सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि सहज विचारलं, "घरी कुणावर प्रयोग केलात का?" ते हसले नाहीत. चहाच्या सुट्टीत कप घेऊन माझ्याजवळ आले.

"मॅडम, आज संध्याकाळी आमच्याकडे जेवायला याल? माझ्या वडलांना एकदा बघा. बायपास झालंय. जखम भरली, रिपोर्ट चांगले आहेत, सर्जननी चाला म्हणून सांगितलंय. पण ते खुर्चीतून उठत नाहीत. आणि खरं सांगू का, उठले की मलाच टेन्शन येतं."

उलवे

उलवे अजून पुरतं वसलेलं नाही. एका टॉवरला पडदे लागलेत, शेजारचा अजून विटांचाच, आणि दोन्हींच्या मधून डोंगर दिसतो. वाघमारेंचा फ्लॅट बराच वर. दारातच बुद्धाची सुबक मूर्ती, ताजं फूल वाहिलेलं. प्रशांतच्या बायकोने, पल्लवीने, बँकेतून नुकतीच आलेली असूनही हसत दार उघडलं. वडील बाल्कनीजवळच्या खुर्चीत होते. उंच, हाडापेराचे, पांढरा सदरा-पायजमा, खांद्यावर पंचा.

"जय भीम," त्यांनी हात जोडले. मीही जय भीम म्हटलं आणि शेजारी बसले.

"दिवसभर काय करता काका?"

"विमानं बघतात," प्रशांतने उत्तर दिलं.

"भूक लागते?"

"कमी झालीय," पुन्हा प्रशांत.

"झोप?"

"तुटक आहे, मॅडम."

हॉलमध्ये पुढे झुकून ऐकणारा हाच का तो मुलगा, असं मला वाटून गेलं. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही जरा पल्लवीला मदत करा. आम्ही म्हातारे बोलतो." तो गेला, पण दाराकडे बघत गेला.

काकांचं नाव भानुदास. माजलगावकडचे. नोकरी पाटबंधारे खात्यात, पाटकऱ्याची. पाटकरी म्हणजे कालव्याच्या कडेने चालत कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते बघणारा माणूस. कालव्याचं नाव काढलं आणि त्यांचा चेहरा उजळला. कुठे दार अडकायचं, कुठे पाणी चोरायचे, उन्हाळ्यात पहाटे निघून कालव्याच्या भरावावरून शेवटच्या वावरापर्यंत कसं जायचं, हाताने दाखवत सांगत होते.

"मोठे मोठे बागायतदार माझी वाट बगत बांधावर उभे राहायचे, मॅडम. ज्यांच्या वाड्यात माझ्या बापाला पायरीखाली थांबावं लागायचं, ते मला म्हनायचे, भानुदासराव, आमची पाळी कधी?"

मी म्हटलं, "खाली बाग चांगली आहे. येताना दिसली. गेला होतात का कधी?"

त्यांनी बाल्कनीबाहेर बघितलं. एक विमान गेलं. मग म्हणाले, "एकडाव गेल्तो."

ऑपरेशननंतर पहिल्यांदा. असाच सदरा, असाच पंचा. एक फेरी मारली आणि दम लागला म्हणून बाकावर बसले. एक बाई कुत्र्याला घेऊन आल्या, यांच्याकडे बघून वॉचमनला म्हणाल्या, कामवाल्यांनी बाकावर बसायचं नाही हे ठरलंय ना? वॉचमन आला. 'बाबा, किस फ्लॅट में काम करते हो?'

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काई नाई. उठलो. वर आलो."

"मुलाचं नाव सांगायचं ना."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. रागाने नव्हे, पण मी काहीतरी चुकीचं बोलले हे मला कळलं.

"सांगितलं असतं तर बाईनं माफी मागितली असती, मॅडम. पन ती डॉक्टरच्या बापाची. पाटकऱ्याची नाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "प्रशांतला बोलू नका. त्यानं लई हौसेनं घेतलंय हे घर. पोरगं दरवाजाची कडी सुदीक स्वतः पसंत करून आलं."

मी नाही सांगणार म्हणाले. मग विचारलं, "आणि तुम्हाला कुठे जावंसं वाटतं?"

"पानी बगावं वाटतं," ते म्हणाले. "जवळून."

पल्लवीने धपाटे केले होते, सोबत दही आणि शेंगदाण्याची झणझणीत चटणी. आमच्या मिरजेत चटणीत तिखट असतं, माजलगावला तिखटात चटणी असते. मी नाक पुसत खाल्लं, आणि ते बघून काका पहिल्यांदा मोकळे हसले. शेवटच्या दिवशी आमचा सगळा वर्ग जयश्री सिस्टरांच्या वस्तीत, मोऱ्याला जाणार होता. मी जेवता जेवता म्हटलं, "काका, तुम्हीही चला. तिथे पाणीच पाणी आहे."

प्रशांतचा घास थांबला. "मॅडम, एवढी दगदग? गाडीचा रस्ता खराब आहे, तिथे ऊन असेल..."

"मी जानार," काका म्हणाले. विषय संपला.

मला रिक्षापर्यंत सोडायला प्रशांत खाली आला. लिफ्टमध्ये म्हणाला, "अटॅक आला तेव्हा घरात मीच होतो. रोज कितीजणांची नाडी बघतो मी. बाबांचा हात धरला तर मला नाडी सापडेचना. तेव्हापासून ते नुसते उठून पाणी प्यायला गेले तरी माझं लक्ष त्यांच्या चालीकडे."

त्याला काय सांगावं ते मला माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं. बागेवरून जाताना तो म्हणाला, "एवढी चांगली बाग, पण एक दिवस खाली येत नाहीत." मी बाकाकडे बघितलं आणि रिक्षाला हात केला. एखाद्याने विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्याच्या भल्यासाठीही सांगायचं नसतं, हे मी वर्गात शिकवते. त्या संध्याकाळी ते फार जड गेलं.

मोरा

मोऱ्याला मासळी वाळत घातल्याचा वास आधी येतो, समुद्र नंतर दिसतो. त्या दिवशी तर तोही दिसला नाही. ओहोटी होती. चिखलात होड्या आडव्या पडलेल्या, पाणी लांब मागे सरलेलं. माझा बेत होता की इथूनच लाँचने मुंबईला जायचं आणि संध्याकाळची मिरजेची गाडी पकडायची.

"आता लाँच नाय, मॅडम," जयश्री सिस्टर म्हणाल्या. "सुकती हाय. पानी भरलं का सुटंल." आपल्या गावात पाऊल टाकल्याबरोबर त्यांची बोली बदलली होती.

सकाळभर आमचे डॉक्टर आणि नर्स अंगणाअंगणात बसून लोकांशी बोलले. खरं तर ऐकत होते. एका तरुण डॉक्टरला एका आजीने जाळं कसं शिवायचं ते दाखवलं आणि बोलता बोलता खांदा कुठे अडकतो तेही. पाटी घेऊन उभी असणारी ती काकूही भेटली. ती म्हणाली, "दिवसबर उबी रायते, पन वाकत नाय. वाकली का कंबर धरते." आपल्याला ज्याला व्यायाम म्हणायची सवय आहे त्याची व्याख्या त्या अंगणात बरीच सैल झाली.

दुपारी जयश्री सिस्टरांच्या आईने जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, कांद्यावर परतलेला सुका जवळा, आंबट कालवण. काकांनी दुसरी भाकरी मागून घेतली. भूक कमी झाली म्हणणारा मुलगा बघत राहिला. जेवणानंतर बाकीचे बसने परतले. मी, काका, प्रशांत आणि सिस्टर पाण्याची वाट बघत थांबलो.

काका म्हणाले, "ते पुढं काय हाय?"

"धक्का. लाँच लागते तिथे," मी म्हटलं.

"जाऊन येऊ."

धक्का लांबलचक, थेट खाडीत शिरलेला. काका हात मागे बांधून निघाले. मी त्यांच्या एका बाजूला, प्रशांत दुसऱ्या बाजूला, इतका जवळ की त्यांच्या चपलेवर त्याचा बूट पडत होता. मी काकांना बोलतं ठेवलं होतं. चालताना बोलता येत असेल तर ठीक चाललंय, शब्द तुटायला लागले की हळू व्हायचं, ही आमची साधी खूण. ते भरती कशी येते ते सिस्टरांना विचारत होते. मग प्रश्न तुटक झाले. मी "थांबू या" म्हणणार तोच त्यांनी एका हाताने कठडा धरला आणि दुसरा हात छातीवर ठेवला.

प्रशांत पांढराफटक पडला. "बाबा! बाबा, दुखतंय का? सिस्टर, गाडी आत येईल का इथे? मॅडम—"

"बसवा त्यांना," मी म्हटलं. मीही घाबरले होते, खोटं कशाला सांगू. मीच म्हणाले होते चला. आम्ही त्यांना दगडावर बसवलं. मी समोर उकिडवी बसले आणि हळू विचारलं, "काका, कुठे दुखतंय?"

"पिंढऱ्या... भरून आल्यात."

"छातीत?"

"नाई."

"मग छातीवर हात कशाला?"

"टाक्यांला हात लावायची सवय लागली," ते म्हणाले. घाम पुसला. "दम लागलाय. मरत नाई मी."

मी प्रशांतला म्हटलं, "नाडी बघा." त्याने हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. मग वडलांचं मनगट धरून बसला. वाऱ्याने पंचा उडत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "लागतेय. व्यवस्थित लागतेय." आणि हात सोडलाच नाही.

सिस्टर पाणी आणायला गेल्या. प्रशांतचा धीर परत आला आणि त्याबरोबर राग. "पण इतक्या लांब येऊन चालायची काय गरज होती, बाबा? घरी बाग आहे. लिफ्ट आहे. चार पावलं तिथे टाकत नाही तुम्ही आणि इथे..."

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी बोलल्या नाईत ना याला?"

मी नाही म्हणून मान हलवली. आणि मग त्यांनी स्वतःच सांगितलं. बाक, बाई, वॉचमन, सगळं. माझ्यापाशी सांगितलं त्याहून थोडक्यात.

प्रशांतने ऐकून घेतलं. "कोण बाई? कितव्या मजल्यावरची? मी आजच मीटिंग लावतो. सेक्रेटरीला—"

"लाव. मग काय व्हईल? सगळे म्हनतील, डॉक्टरसाहेब, चुकलं, आमाला काय म्हाईत तुमचे वडील हायेत." काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी तुज्या नावावर बागेत बसनार नाई, प्रशांत. बसायचं तर माज्या नावावर बसंन."

"आणि परत कुणी उठवलं तर?"

"ते मी बगीन की. पानी चोरनाऱ्यांला मी एकला सामोरा गेलोय, तू तवा शाळंत व्हतास."

प्रशांतने डोळे पुसले, वारा आहे असं दाखवत.

मधल्या वेळात पाणी भरायला लागलं होतं. आधी चिखलातल्या चरांमधून बारीक धारा आत आल्या, मग होड्या एकेक करून सरळ झाल्या. काका दगडावर बसून ते सगळं इतक्या एकाग्रतेने बघत होते की लाँच आल्याचं त्यांना मीच सांगितलं. सिस्टरांनी जवळ्याची पुडी माझ्या पिशवीत कोंबली. निघताना काकांनी हात जोडले आणि म्हणाले, "परत या, मॅडम. चटणीची सवय करून या."

मिरज

परत आल्यावर वहिनींना जवळा दिला, त्यांनी वासानेच परत केला. कॉलेज सुरू झालं. काही दिवसांनी संध्याकाळी प्रशांतचा फोन आला. आवाज दबका.

"मॅडम, बाबा खाली गेलेत. एकटे. मी येऊ का म्हटलं तर नको म्हणाले. मी बाल्कनीत उभा आहे."

"दिसतायत का?"

"दिसतायत. तोच सदरा घालून गेलेत. चांगला टी-शर्ट काढून ठेवला होता मी, तो तसाच आहे." जरा थांबून म्हणाला, "बाकावर बसलेत. मॅडम, वॉचमन चाललाय त्यांच्याकडे."

"डॉक्टर, थांबा."

"मी जातो खाली."

"थांबा म्हणतेय ना."

मिरजेत माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "वॉचमन गेला. बाबा बसलेत अजून." आणि नंतर, "उठले. नाही, नाही, वर नाही येत. चालतायत." मग त्याने फोन ठेवला, न सांगताच.

तासाभराने पुन्हा वाजला. या वेळी काका स्वतः बोलत होते.

"काय म्हणाला हो वॉचमन?" मी नमस्कारसुद्धा न करता विचारलं.

"तेच. किस फ्लॅट में काम करते हो."

"मग?"

"मी म्हन्लं, रिटायर हाय."

मी हसायला लागले. तिकडे तेही हसत होते, दम लागल्यासारखे, पण शब्द न तुटता.

"मग काय, गेला बिचारा. त्याला तरी कुठं बसायला मिळतंय दिवसभर," काका म्हणाले. "उद्या त्यालाच बसवतो शेजारी."